हात दाखवा, रस्ता ओलांडा

परदेश पाहून आलेल्या माणसाला आमच्या लोहाऱ्यात पहिला प्रश्न असतो, "मंग, कसं वाटलं शहर?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एका बाजूनं फार छान वाटलं. यावर लोक सावरून बसतात, कारण त्यांना वाटतं आता हा दुसऱ्या बाजूनं टीका करणार. तसं काही नाही. हो ची मिन्ह सिटी नावाचं ते प्रचंड शहर मी तीन दिवस रस्त्याच्या एकाच बाजूनं पाहिलं, एवढंच मला म्हणायचं असतं. दुसऱ्या बाजूला मी कसा पोचलो, हे मात्र मी कोणी खोदून विचारल्याशिवाय सांगत नाही. आता तुम्ही विचारलंच आहे असं धरून चालतो.

आधी माझी योग्यता सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा अपमान किती खोल होता त्याचा अंदाज येईल. मी यवतमाळच्या बस स्थानकावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीमागे बसून माइकवर फलाट क्रमांक सांगणारा जो रुक्ष आवाज तुम्ही ऐकला असेल, तो माझा. माझ्या सहीशिवाय गाडी हलत नसे. सहीनंतरही ती लगेच हलत नसे, कारण पाहुण्यांना पोचवायला आलेली माणसं आत जागा धरून बसलेली असत आणि त्यांना उतरवता उतरवता पुढच्या गाडीची वेळ होई. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजना आली तेव्हा कळंबपासून पुढच्या प्रत्येक फाट्यावर जाऊन ती लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. हात कसा दाखवायचा, किती उंच, कोणत्या आत्मविश्वासानं, हे मी स्वतः रस्त्यात उभं राहून करून दाखवलेलं आहे. हा तपशील लक्षात ठेवा. मी विसरलो असतो तर बरं झालं असतं.

तर आमच्या मुलीनं, रुपालीनं, आम्हा दोघांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला व्हिएतनामची सहल भेट दिली आणि ही बातमी कुंपणावरून शेजारच्या हरिसिंग राठोडांकडे गेली. हरिसिंग तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे कुठल्याही विषयाचा सातबारा तयार असतो.

"डोमाजी, भेऊ नका," ते म्हणाले. मी भ्यालो आहे असं मी कुठेही म्हटलेलं नव्हतं. "आमच्या आजा-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून अर्धा देश पालथा घातला. नकाशा नाई, मोबाईल नाई. तुमी त इमानात बसून चालले."

"मंग रस्ता कसा सापडे त्याह्यले?"

"बैलाले माहीत राहे."

हा सल्ला मी वहीत लिहून घेतला नाही.

त्याच संध्याकाळी विमलताई आल्या. विमलताई आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या आल्या की मी नकळत उभा राहतो. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपत आला होता. चीवरदानाचे दिवस. भिक्खूंना अंगावर घ्यायचं वस्त्र, चीवर, दान द्यायचं. दर वर्षी देतोच. यंदा विमलताईंच्या मनात मोठी गोष्ट होती.

"इंदूबाई, तू बुद्धाच्या मुलखात चालली. यंदाचं एक चीवर तिकडल्या भंतेले तुह्या हातानं गेलं पाह्यजे. अन् फोटो पाठव. रविवारी आपल्या कार्यक्रमात भिंतीवर दाखवू."

इंदूबाई, म्हणजे माझी बायको, इतकी हरखली की तिनं माझ्याकडे न पाहता होकार दिला. मंडळातल्या एकवीस बायकांनी मिळून ते चीवर शिवलं. प्रत्येकीचा हात लागला पाहिजे असा नियम. सोनीबाई चौऱ्यांशी वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या झोपेचं सोंग घेतात. सुईत दोरा ओवायलाच त्यांना अर्धा तास लागला. एका कोपऱ्यात त्यांनी सात टाके घातले. सातही टाके सात दिशांना. मग चीवर इंदूबाईच्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "माय, माहा टाका भंतेच्या आंगाले लागला पाह्यजे. मंग मले काई नाई मांगाचं."

इंदूबाईनं ते चीवर आमच्या कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. त्या क्षणापासून मी माझ्या बायकोच्या दृष्टीनं नवरा राहिलो नाही, खुंटी झालो.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं पिशवी उघडून विचारलं, "इतना बड़ा पर्दा? खिड़की भी साथ ले जा रहे क्या?" इंदूबाईनं त्याला चीवर म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. रांगेतल्या मागच्या तीस लोकांनाही समजलं. शेवटी त्यानं हात जोडले. श्रद्धेनं की रांगेमुळे, ते कळलं नाही.

हो ची मिन्हला पोचल्यावर आमचा टूर मॅनेजर रामधन, वर्ध्याकडचा, हसतमुख आणि निर्दय, यानं कार्यक्रम वाचून दाखवला. बाजार, भुयारं, बोटीतलं जेवण, पुन्हा बाजार.

"अन् विहार?" इंदूबाईनं विचारलं.

"विहार प्रोग्राममध्ये नाही, काकू. शनिवारी सकाळी फ्री टाइम आहे. साडेअकराला बस एअरपोर्टला निघेल. कोणासाठी थांबणार नाही."

इंदूबाईचा चेहरा उतरला. पण चौथ्या मजल्यावरच्या खोलीचा पडदा सरकवला, तर काय, विहार बरोब्बर समोर! पिवळी कमान, वळणदार कौलं, दारात उदबत्तीचा धूर आणि फुलं विकणारी बाई. इंदूबाई म्हणाली, "पाह्यलं? समोरच त हाय."

समोरच होतं. मध्ये फक्त रस्ता होता.

त्या रस्त्याबद्दल थोडं सांगतो. आपल्याकडे दत्त चौकात गर्दी असते, पण तिला श्वास असतो. मध्येच एखादी गाय बसते, एखादा ऑटोवाला ओळखीच्याशी बोलायला थांबतो, तेवढ्यात माणूस निघून जातो. इथे गर्दीला श्वासच नव्हता. स्कूटर, स्कूटर आणि स्कूटर. बायांनी डोळ्यांखेरीज सगळं झाकलेलं, जणू सगळं शहर कापसावर फवारणी करायला निघालं आहे. एका स्कूटरवर फ्रिज गेला. एकावर मोठी काच गेली, तिच्यात मला क्षणभर माझाच चेहरा दिसला. तो मला आवडला नाही. कोणी कोणाला धडकत नव्हतं, कोणी कोणाला शिव्या देत नव्हतं, आणि कोणी थांबत नव्हतं. भांडण नाही, पंचनामा नाही, आणि वाहतूक चालू! एकतीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला हे दृश्य सहन होत नाही.

पहिल्या सकाळी आम्ही कडेला चाळीस मिनिटं उभे राहिलो. पांढरे पट्टे होते. माझा अंदाज असा की ते सणासुदीसाठी काढलेले असावेत. शेजारी बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक वाडग्यातून शेवयांचा रस्सा ओरपत होते. चाळीस मिनिटांत तिघे आले, जेवले, आणि गप्पा मारत पलीकडे निघून गेले. कसे गेले ते मी डोळे फाडून पाहिलं. नुसते चालत गेले. यात काहीतरी स्थानिक फसवणूक असणार अशी मी इंदूबाईची समजूत काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिग्नल शोधायला निघालो. बरंच चालल्यावर सापडला. तो लाल झाल्यावर अर्ध्या स्कूटरी थांबल्या आणि उरलेल्या अर्ध्या उजवीकडे वळून थेट आम्ही उभे होतो त्या फुटपाथवर आल्या. आम्ही हॉटेलात परतलो. रामधनला गाठलं, तर तो म्हणाला, "काका, टॅक्सी करून देतो. वन-वे आहे, लांबून वळून येईल."

"समोरच्या विहारात जायले टॅक्सी?" इंदूबाई म्हणाली. "विमलताईले काय तोंड दाखवू?"

मग पायीच जायचं असेल तर या फॉर्मवर सही करा, असं रामधनचं म्हणणं पडलं. फॉर्ममध्ये लिहिलं होतं की फावल्या वेळेतल्या हालचालींची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशाची राहील. मी सही केली. इतरांच्या हालचालींवर सह्या करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या हालचालीवर सही करताना काय वाटतं, ते लिहून सांगता येणार नाही.

संध्याकाळी इंदूबाईनं हरिसिंगांना व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीबाहेर धरला. हरिसिंगांनी रस्ता पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आवाज कायले बंद झाला, भाऊ?" मी विचारलं.

"इचार करून राह्यलो," हरिसिंग म्हणाले. "बैल पाह्यजे होता."

मागून हंसाबाईंचा, त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "भाऊजी, तुमी इंदूबाईले पुढं करा. तुमी मांगं राहा."

या सूचनेवर आम्हा दोघा निवृत्त अधिकाऱ्यांचं एकमत झालं की बायांना वाहतुकीतलं काही कळत नाही.

शनिवार उजाडला. साडेनऊला आम्ही कडेला उभे. दोघांच्या डोक्यावर टूर कंपनीच्या पिवळ्या टोप्या, माझ्या खांद्यावर चीवराची पिशवी, इंदूबाईच्या हातात फोटोसाठी फोन. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "अजी, सोनीबाईले काय सांगू? रस्ता मोठा होता?"

मग मी निर्णय घेतला. पोट आत घेतलं, एक पाऊल रस्त्यात टाकलं आणि उजवा हात खांद्याच्या वर, तळवा समोर, पूर्ण आत्मविश्वासानं दाखवला. कळंब फाट्यावर शिकवायचो तसा.

आणि गाडी थांबली!

एक स्कूटर अगदी माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. तिच्यावर पन्नाशीचा एक काटक, हसरा माणूस. त्यानं एका हातानं माझी पिवळी टोपी काढून माझ्याच खिशात कोंबली, दुसऱ्या हातानं एक तांबूस, गोल, चकचकीत हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला आणि मागची सीट थोपटली. तिकडे या स्कूटरी भाड्यानं माणसं नेतात. हात दाखवला म्हणजे नेतातच.

तुम्ही म्हणाल, बसला कशाला? माझी बाजू ऐका. हात दाखवून गाडी थांबवायची आणि मग "असंच" म्हणून बसायचं नाही, असे प्रवासी मी एकतीस वर्षं पाहिले आहेत. माइक बंद करून मी त्यांच्याबद्दल काय बोलायचो, तेही मला आठवलं. त्यांच्या पंगतीत बसणं मला शक्य नव्हतं. शिवाय मी बोटानं विहार दाखवला आणि त्यानं जोरात मान हलवली. वाटलं, पुढून वळून पलीकडे सोडेल.

तो वळला नाही. मागून इंदूबाईची हाक आली. चाळीस वर्षांच्या संसारातली सगळ्यात आर्त हाक. "अजी, चीवर!"

"अजी, तुमी" असं ती म्हणाली नाही. मी लक्ष देऊन ऐकलं.

शहराचं खरं पहिलं दर्शन मला असं घडलं, डोळे अर्धे मिटून. विजेच्या तारांचे एवढाले गुंते, हातभर रुंदीची पाचमजली घरं, झाडाखाली झोळी बांधून निवांत पडलेले दुकानदार, टोकदार टोप्या, उसाचा रस, फुटपाथवर कात्री चालवणारा न्हावी. सगळं उलट्या दिशेनं पळत होतं. त्या माणसानं आपलं नाव हिएप असं सांगितलं. मी माझं सांगितलं. मग तो त्याच्या भाषेत बोलत राहिला, मी हिंदीत. परदेशी माणसाला हिंदी कळते, अशी आम्हा विदर्भवाल्यांची एक श्रद्धा असते.

त्यानं मला एका भव्य पिवळ्या पोस्ट ऑफिससमोर उभं केलं. सगळे पर्यटक तिथेच जातात, त्याचं चुकलं नाही. मी नाही म्हणून मान हलवली. हॉटेलचं नाव? ते लिहिलेलं कार्ड इंदूबाईच्या पर्समध्ये. फोन तिच्याकडेच. घड्याळात दहा वाजून गेलेले. शेवटी मी पिशवीतून चीवराचं टोक काढून दाखवलं. हिएपचं हसू थांबलं. त्यानं हात जोडले आणि गाडी वळवली.

तो मला विहारात घेऊन गेला. सुंदर विहार. आमचं नव्हे.

आता खूण काय सांगावी? एकदम आठवलं. आमच्या हॉटेलच्या डोक्यावर टूथपेस्टची भली मोठी जाहिरात होती, बत्तीस दात दाखवणारी बाई. मी हिएपसमोर उभा राहिलो, बोटांनी दात दाखवले आणि जमेल तेवढं रुंद हसलो. गांभीर्य कळावं म्हणून दोनदा हसलो. हिएपच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. त्यानं गाडी अशी काही पिटाळली की पाचव्या मिनिटाला मी दातांच्या दवाखान्यात होतो.

तिथल्या तरुण डॉक्टरणीला इंग्रजी येत होतं. मला खुर्चीत पूर्ण आडवं केल्यावर हे उघड झालं. माझी हकिगत मी छताकडे पाहत सांगितली. ती इतकी हसली की शेजारच्या खुर्चीतला पेशंट तोंडात कापसाचे बोळे असताना हसला. पण तिनं हिएपला नीट समजावलं. हसणारी बाई, समोर विहार, मोठा रस्ता. हिएपनं कपाळावर हात मारला.

अकराला पाच कमी असताना त्यानं मला उतरवलं. विहाराच्या दारात! पलीकडच्या बाजूला, रस्ता न ओलांडता! मी विजयानं वळून पाहिलं. पार समोर, हसणाऱ्या बाईच्या खाली, पिवळी टोपी घालून इंदूबाई उभी होती. चीवर इकडे, इंदूबाई तिकडे, मध्ये तोच रस्ता.

मी हात वर केला. दोन स्कूटरी थांबल्या. मी हात खाली घेतला.

इंदूबाईनं मला पाहिलं. पदर खोचला. आणि ती चालू लागली. पळाली नाही, थांबली नाही, हात दाखवला नाही. एका चालीनं, समोर पाहत. स्कूटरी तिच्या दोन्ही अंगांनी वाहून गेल्या. मी पावलं मोजत होतो, ती चाळीस पावलांत माझ्यापाशी पोचलीसुद्धा.

"हे कसं केलं तू?"

"त्यात काय? संध्याकाळी गोधन घरी येते तवा त्यातून आपण जात नाई काय? आपण पळालं का ढोरं बुजतेत. सरकं, एका चालीनं चाललं का तेच वाट देतेत." मग तिनं पिशवी चाचपली. "चीवर वल्लं त नाई केलं?"

दारातली फुलवाली आमचा हा संवाद ऐकत होती. तिनं आत हाक मारली आणि राखाडी वस्त्रातली, ठेंगणी, सत्तरीची एक भिक्खुणी बाहेर आली. आम्ही भंतेंची अपेक्षा धरून आलेलो. इंदूबाई क्षणभर गोंधळली, मग तिचा चेहरा उजळला. "बाई हाय हो," ती मला हळूच म्हणाली, "मंग त बरंच झालं. तिले टाका समजन."

भाषा कुणालाच येत नव्हती. इंदूबाईनं "नमो बुद्धाय" म्हटलं, भिक्खुणीनं तिचं काही म्हटलं, ते बरंच तसंच ऐकू आलं. चीवर उलगडलं. ते एवढं मोठं होतं की एक टोक मला खांद्यावर घ्यावं लागलं. भिक्खुणीनं शिवणीवरून बोट फिरवत नेलं आणि माझ्या खांद्याजवळच्या कोपऱ्यात येऊन ते थांबलं. सात टाके, सात दिशांना. ती वाकून पाहत राहिली. मग तिनं तो कोपरा हातात घेऊन कपाळाला लावला. इंदूबाई रडायला लागली. फुलवालीनं फोन घेऊन फोटो काढला.

हिएपचं भाडं मी उतरतानाच दिलं होतं, तरी तो मघापासून माझ्याकडे हात पुढे करत होता. एवढ्या प्रेमानं निरोप घेतोय म्हणून मी तीनदा त्याच्याशी हस्तांदोलन केलं. फोटो काढून झाल्यावर कळलं, तो हेल्मेट मागत होता.

परत येताना इंदूबाईनं माझा हात धरला. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

रविवारी दुपारी घरी पोचलो आणि संध्याकाळी विहारात गेलो. भिंतीवर फोटो आला, पुरुषभर उंच. मधोमध चीवर. एका बाजूला डोळे पुसणारी इंदूबाई, मागे नम्रपणे उभा हिएप, बाजूला कोपरा कपाळाला लावून वाकलेली भिक्खुणी, आणि पुढे, खांद्यावर चीवराचं टोक घेऊन, तांबूस चकचकीत हेल्मेट घातलेला मी, डोळे मिटलेले. उजेडामुळे मिटले होते.

टाळ्या झाल्या. विमलताई बोलल्या. इंदूबाईचं नाव घेतलं, मागे उभ्या असलेल्या अनोळखी भाऊंच्या नम्रतेचंही कौतुक केलं. हरिसिंग माझ्या कानाला लागले. "डोमाजी, हेल्मेट घालून दान द्याची तिकडं पद्धत हाय काय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून सोनीबाई उठल्या. काठी टेकत भिंतीपाशी गेल्या. नाक टेकेल एवढ्या जवळून त्यांनी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं.

"भंते किती साजरे हायेत वो बाप्पा! डोकं कसं चमकून राह्यलं." मग त्या वळल्या. "इंदू, खांद्यावर हाय तेच माहं टोक ना? लागला ना माहा टाका?"

हरिसिंगांनी तोंडावर रुमाल धरला. विमलताई माझ्याकडे पाहू लागल्या.

"हो माय," इंदूबाई म्हणाली. "तुमचाच टाका. कपाळाले लावला पाहा."

सोनीबाईंनी भिंतीवरच्या माझ्यापुढे हात जोडले आणि डोळे मिटले.

खुलासा करणं आवश्यक होतं. मी एकतीस वर्षं माइकवर चुकीची दुरुस्ती करत आलेला माणूस आहे. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि हात वर केला. इंदूबाईनं माझ्याकडे पाहिलं.

मी हात खाली घेतला. तो वर केला की कोण कुठे पोचेल, याचा हल्ली मला भरवसा राहिलेला नाही.